नकारासाठी वाढवलेली वेल

बोईसर
९ ऑक्टोबर २०२४

ती. दमूताईस,
सा. न.

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवतो. तुझं मागचं पत्र माझ्याआधी बोक्याने वाचलं. मंजुळाने ते बोंबलांच्या टोपलीत, बोंबलांच्याच अंगावर निजवून तुझ्या शेजारच्या सातपाटीहून इथवर आणलं, माझ्या उंबऱ्यावर ठेवलं आणि ती पुढच्या गल्लीत मासळी विकायला गेली. मी शाळेतून येईपर्यंत कोपऱ्यावरच्या बोक्याने पहिला परिच्छेद चाटून साफ केला होता. जन्मभर संस्कृत शिकवताना किडीने खाल्लेल्या पोथ्या पुष्कळ पाहिल्या, चाटलेली संहिता ही पहिलीच. त्या परिच्छेदात तू माझी खुशाली विचारली होतीस की माझा उद्धार केला होतास, हे आता कायमचं गूढ. यापुढे पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालावं अशी नम्र विनंती आहे. मी मासे सोडले, बोक्याने सोडलेले नाहीत.

फोन कर म्हणालो असतो, पण तुझ्या कानातलं यंत्र फोन जवळ नेला की शिट्टी वाजवतं आणि तू मलाच म्हणतेस, शिट्ट्या काय मारतोस. तेव्हा पत्रच बरं.

आता वेलीचं वर्तमान. आपल्या आबांच्या मळ्यातली ही शेवटची पानवेल. तुझ्या विहिरीचं पाणी खारट झालं म्हणून गेल्या वर्षी तू तिचं बेणं माझ्या मागच्या अंगणात पाठवलंस. ती शेवग्याला धरून माझ्या डोक्याच्या वर गेली आहे. तुझा हुकूम असा, की प्रणवच्या मुलीच्या, हिमानीच्या लग्नापर्यंत ती पानांनी भरलेली हवी. म्हणजे प्रणव, आपला सगळ्यांत धाकटा भाऊ, पान मागायला आला की तुला ते नाकारता येईल. लोक वेली लावतात त्या सावलीसाठी, शोभेसाठी, देवाच्या फुलांसाठी. एका माणसाला नाही म्हणता यावं म्हणून लावलेली वेल बहुधा ही एकच. संस्कृतात सूड उगवण्याला वैरनिर्यातन असा भारदस्त शब्द आहे. त्यात शेण आणि पालापाचोळा येतो हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

अडचण अशी की पानं लहान येतात. आमची ही कॉलनी भरावावर उभी आहे. कुदळ मारली की मुरूम निघतो, त्याखाली फरशीचे तुकडे, त्याखाली कोणाची तरी चप्पल. शिवाय गोगलगायी. पाऊस सरला तरी त्यांचा मुक्काम हलत नाही. त्या नेमका कोवळा शेंडा खातात. जुन्या पानाला तोंड लावत नाहीत. एकूण वागणं पाहून प्रणवची आठवण झाली.

उपाय लिही.

तुझा
आत्माराम


शिरगाव
१६ ऑक्टोबर २०२४

चि. आत्मारामास अनेक आशीर्वाद.

पहिल्या परिच्छेदात शिव्याच होत्या. बोक्याने तुझ्यावर उपकार केले. या वेळी पिशवीत घातलंय.

माती आधी हातात घे. ओली करून मूठ आवळ. लाडू झाला आणि फुटेना, तर तिच्यात हवा नाही. वेलीच्या बुंध्यापासून हातभर लांब खण, जवळ नको, पानवेलीची मुळं वरवरच असतात. चप्पल, फरशी, काय निघेल ते काढून टाक. कुजलेला पाला, जुनं शेणखत आणि थोडी नदीची वाळू मिसळून भर. समुद्राची वाळू आणू नकोस, तुझा भरवसा नाही म्हणून लिहिते. वाफा जमिनीपेक्षा उंच ठेव. पानवेलीला पाय ओले चालतात, बुडलेले चालत नाहीत. वर सुका पाचोळा पसर, म्हणजे ऊन मातीला लागणार नाही.

मंजुळाकडून सुक्या मासळीचा चुरा माग. आबा मळ्याला तोच घालायचे. एक मूठ, मातीत मिसळून, वरून झाकून. वास आला तर समज की उघडं राहिलंय.

गोगलगायींसाठी संध्याकाळी ओलं गोणपाट टाकून ठेव. सकाळी त्याखाली सगळ्या जमलेल्या असतात. वेचायच्या आणि साबणाच्या पाण्यात टाकायच्या. श्लोक म्हणत बसू नकोस.

तुला सगळ्याची गंमत वाटते. मला वाटत नाही. आबांच्या गुडघ्यांनी काम सोडल्यावर मळा मी केला. माझं लग्नाचं वय त्या वेलींना आधार बांधण्यात गेलं, त्याचीही मला तक्रार नव्हती. आबांचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं, तेव्हा प्रणव पालघरहून आला, पडवीत बसला, माझे पाय धरले. म्हणाला, "ताई, नुसती सही. मळा कुठे जातोय? पान तुझ्या दारात येत राहील." मी सही केली. दिवाळी झाली आणि जेसीबी आला. मी पोचले तेव्हा ड्रायव्हर बूट घालून वाफ्यातून फिरत होता. ज्या मळ्यात आबांनी जन्मात चप्पल नेली नाही, आलेल्या पाहुण्यालाही बांधावर चप्पल काढायला लावली, तिथे. प्रणव सावलीला उभा राहून बघत होता. मी एक वेल मुळासकट पदरात घेतली आणि त्याच्या समोरून चालत घरी आले. त्याने पाहिलंय. आता तिथे रिसॉर्टचा पोहायचा हौद आहे, आणि हौदाच्या काठाला बसून माणसं चपला घालून पोहे खातात.

आपल्या घरात लग्नाचा पहिला विडा घरच्या वेलीच्या पानाचा. तो देवीपुढे ठेवल्याशिवाय हळद लागत नाही. घरची वेल आता एकच आहे आणि त्याला वाटतं ती माझ्या दारात आहे. त्याला यावंच लागेल. मी ओट्यावर बसवीन. चहा देईन. त्याला पुरतं मागू देईन. मग म्हणेन, "पान आहे. तुला नाही."

एवढंच मला म्हणायचंय. तेवढ्यासाठी वेल जगव.

दमूताई


बोईसर
८ नोव्हेंबर २०२४

ती. दमूताईस,
सा. न.

कळवण्यास आनंद वाटतो की गोगलगायींचा निःपात झाला आहे.

तुझ्या आज्ञेप्रमाणे वाफा खणला. दुसरी चप्पल निघाली, पहिलीच्या जोडीची नाही. शेणखत, पाला, नदीची वाळू, सगळं यथासांग. मग मंजुळाला गाठलं. ती टोपली उतरवून म्हणाली, "मास्तर, चुरा कसला पायजे?" मी म्हटलं, वासाचा. जितका वास उग्र तितकं खत जोरदार, असा माझा तर्क.

"वासाचा हाय ना. पन तुमी तर खात नाय. खानार कोन?"

"झाड."

"मग झाडाला सांगा, काटे बगून खा."

दुसऱ्या खेपेला तिने गोणीभर आणून दिला. तू एक मूठ लिहिलं होतंस. शत्रूचा आकार लक्षात घेऊन मी घमेलंभर घातला, आठवडा गेल्यावर आणखी घमेलंभर. तुझ्या भावजयीने, चंद्रकांताने, जाहीर केलं, की फराळ या वासात करायचा असेल तर ती माहेरी जाऊन करील. शेजारच्या विपुलने खिडक्या बंद केल्या आहेत. हा अवांतर लाभ.

परंतु फळ पाहा. गोणपाट उचलून पाहतो तर खाली एकही गोगलगाय नाही. वाफ्याच्या कडेपर्यंत येतात आणि वळून परत जातात. इतका आदर मला वर्गात कधी मिळाला नाही.

तुझ्या वाक्यावरही थोडा विचार केला. "पान आहे. तुला नाही." अर्थ पोचतो, पण घाव फार लवकर संपतो. माझी सूचना अशी, की आधी पानाचं सावकाश वर्णन करावं. त्याचा रंग, देठ, शिरा, आबांनी ते कसं जोपासलं. ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलं की मग नकार. आमचे जुने कवी असंच करत. मारायच्या माणसाला आधी उपमा देत.

तुझा
आत्माराम


शिरगाव
१३ नोव्हेंबर २०२४

चि. आत्मारामास आशीर्वाद.

वाक्याला हात लावू नकोस. ते मी चार वर्षं घासलंय.

मासळीच्या चुऱ्याने गोगलगायी जात नाहीत. असा वास आला तर एखादी जास्तच येईल. गोगलगाय तोंड फिरवते ती एकाच गोष्टीला बघून, आणि ती काय हे मला इथे लिहायचं नाही, कारण माझं चुकत असेल तर बरं.

वेलीचं खालचं एक पान तोडून पाठव. न धुता. मातीवर पांढरं काही दिसतं का तेही बघून लिही. पत्राबरोबरच पाठव, पुढच्या खेपेची वाट बघू नकोस.

दमूताई


बोईसर
१९ नोव्हेंबर २०२४

ती. दमूताईस,
सा. न.

पान सोबत जोडलं आहे.

कडा करपल्या आहेत हे तुला दिसेलच. दिवाळीपासून तशा आहेत. लिहिलं नाही, कारण मला वाटलं ऑक्टोबरचं ऊन असेल. मग वाटलं, वारा कारखान्यांच्या बाजूने येतो, त्याने असेल. मग वाटलं विपुलने खिडकीच्या रागाने रात्री काही ओतलं असेल. त्याला जाब विचारायला गेलो होतो. त्याने मला पाणी दिलं आणि विचारलं, मास्तर, तुमच्याकडे कोण वारलं का, वास येतो. मी परत आलो.

खालची पानं आधी करपली, आता वरची. शेंडा अजून हिरवा आहे.

मातीवर पांढरं दिसतं. सकाळच्या उन्हात चमकतं. मी दोन दिवस त्याचं कौतुक करत होतो.

आत्माराम


शिरगाव
२१ नोव्हेंबर २०२४

आत्माराम,

ते मीठ आहे. पानाला जीभ लावून बघितली.

मंजुळाला रस्त्यातच थांबवलं. ती म्हणाली, "मास्तरानी वासाचा मागितला. बोंबलाला एवडा वास कुटं? मी खाऱ्या मुशीचा दिला." तिचं काय चुकलं? तू मागितलास तो तिने दिला. बोंबील नुसता उन्हात वाळवतात. मुशीला आणि बांगड्याला मीठ भरतात. आपल्याकडच्या कुठल्याही घरात पोराला दात येतात तेव्हा हे कळतं. तू पुण्याला पाठशाळेत गेलास आणि मासे सोडून आलास. तुझ्या जिभेला आता नुसते विसर्ग कळतात.

माझी विहीर खारी झाली म्हणून मी वेल तुझ्याकडे पाठवली. तू समुद्र गोणीत भरून घरी आणलास.

मी काल जेवले नाही. प्रणवला जे चार वर्षांत जमलं नाही ते तू दोन घमेल्यांत केलंस असं मला वाटलं. आज बरी आहे. नीट वाच.

ती माती आता धुऊ नकोस, पाणी दिलंस तर मीठ आणखी खाली मुळांकडे जाईल आणि तुझ्या त्या मुरमातून पुढे निचरा होणार नाही. ती माती गेली असं समज. वेल गेलेली नाही. शेंडा हिरवा आहे म्हणतोस ना. मग उतरण करायची. तू लहान असताना बघितलंयस, आठव. वेल वर गेली, बुंधा उघडा पडला, की आबा ती आधारावरून सोडून खाली आणायचे आणि मातीत निजवायचे. निजवलेल्या पेरांना नवी मुळं सुटतात आणि ती परत पायापासून चढते. त्यासाठी हा हंगाम नाही, पण हंगामाची वाट बघायला आता वेळ नाही.

मोठी कुंडी आण, तळाला भोकं असलेली. नवी माती, कुजलेला पाला, वाळू. मासळी नको. मासळीचं नावही काढू नकोस. कुंडी वेलीच्या शेजारी ठेव. शेवग्यावरचे बांध सोड, ओढू नकोस, ती चिवट दिसते पण पेराशी मोडते. चंद्रकांताला वरून धरायला सांग. खालची पानं काढ, उघड्या दांड्याचं वेटोळं कुंडीत बसव, पेरं मातीत गेली पाहिजेत, शेंडा वर. मूळ इतक्यात तोडू नकोस. नवी पानं फुटू लागली की मग तोड. सावलीत ठेव. नळाचं पाणी घाल, बोअरचं नको. माती ओलसर राहिली की पुरे.

आणि चप्पल काढून कर. मीठ घातलंस ते घातलंस, बूट घालून जाऊ नकोस.

दमूताई


बोईसर
२६ डिसेंबर २०२४

ती. दमूताईस,
सा. न.

लिहायला उशीर झाला. शब्द देण्याआधी पान फुटायची वाट पाहत होतो.

उतरण केली. अनवाणी केली. चंद्रकांता शिडीवर उभी राहून वेल वरून सोडत होती आणि मी खाली दोन्ही हातांत झेलत होतो. एका पेराशी कट् असा आवाज आला तेव्हा आम्ही दोघंही कितीतरी वेळ हललो नाही. ते पेर वाचलं. वेटोळं मातीत बसवताना माझ्या हातांना आपोआप जमत होतं. बहुधा लहानपणचं असावं. माती दाबताना अंगठा आत घ्यायचा, हे मला आठवत नव्हतं, अंगठ्याला होतं.

त्यानंतर पांढऱ्या पिठासारखी एक कीड आली, पिठ्या ढेकूण. ती कापसाच्या बोळ्याने पुसून काढली, कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी फवारलं. आधी एका पानावर, मग सगळीकडे. हल्ली मी सगळं आधी एका पानावर करतो.

नवी पानं आली आहेत. रुंद, गडद, आबांच्या वेलीची असायची तशी. मागच्या आठवड्यात जुनं मूळ तोडलं. वेल स्वतःच्या पायावर उभी आहे. लग्नापर्यंत तुला हवी तेवढी पानं होतील.

हिमानीची पत्रिका आली. लग्न माघात आहे, पालघरच्या अलीकडे कुठल्याशा लॉनवर. वर देवीचं नाव ठळक छापलं आहे.

थंडी आहे. गुडघ्यांना तेल लाव.

आत्माराम


शिरगाव
३ जानेवारी २०२५

चि. आत्मारामास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पानं आली तो भाग पाच वेळा.

तुला पत्रिका पोस्टाने पाठवली म्हणजे तोंड दाखवायची लाज वाटते. वाटू दे. मला अजून आलेली नाही. मला तो पोस्टाने पाठवणार नाही, कारण माझ्याकडून त्याला पान न्यायचं आहे. देवीचं नाव ठळक छापलंय ना? मग विडा ठेवायला लागणार. विडा ठेवायचा तर घरचं पान लागणार. पत्रिका हातात घेऊनच येईल बघ, आधी पत्रिका देईल, मग जाता जाता विषय काढल्यासारखं करील. लहानपणापासून त्याला काही हवं असलं की तो उठून दारापर्यंत जातो आणि दारातून विचारतो.

मी ओट्याला रंग लावून घेतला. नवे कप आणले. जुन्यांचे कान गेले होते, आणि मला त्याला अपमान वाटेल असं दुसरं काही नको आहे. त्या एका वाक्याशिवाय सगळं नीटनेटकं पाहिजे.

मंजुळा म्हणाली, "आन तो रडला तर?"

मी म्हटलं, रडू दे. पाणी देईन.

"आन पान?"

पान नाही.

ती म्हणाली, "तुमी लय वायट, बाय." मला बरं वाटलं.

कुंडी इकडे पाठव. लग्नाच्या आधी थोडे दिवस तरी इथे हवी. मी ती ओट्यावर त्याच्या खुर्चीला लागून ठेवणार आहे, हात लांबवला की पान लागेल इतकी जवळ. माझ्या खाऱ्या पाण्यावर थोडे दिवससुद्धा जगणार नाही ती, शेजारच्या नळाचं घालीन.

तुझ्या पत्रात एकही चेष्टा नव्हती. बरा आहेस ना?

दमूताई


बोईसर
२४ जानेवारी २०२५

ती. दमूताईस,
सा. न.

कुंडी मंगळवारी येईल. विपुलचा टेम्पो सातपाटीला बर्फ पोचवतो, त्यात. बर्फाला लावून ठेवू नकोस असं त्याला तीनदा बजावलं आहे. तो म्हणाला, मास्तर, पोरीची पाठवणी करताय का? खिडक्या उघडल्यापासून आमचे संबंध सुधारले आहेत.

आता जे महिनाभर लिहिलं नाही ते लिहितो.

पत्रिका पोस्टाने आली नव्हती. तू तसं धरलंस आणि मी तसं राहू देणार होतो. प्रणव स्वतः आला होता, मी तुला उतरणीचं लिहिलं त्याच्या आधीच्या रविवारी. मी त्याला मुद्दाम मागच्या अंगणात बसवलं, उकरून टाकलेल्या खाऱ्या मातीच्या ढिगाशेजारी, वारा जिकडे जातो त्या बाजूला. एवढा सूड माझ्याही वाट्याला असावा असं वाटलं. तो नाकाला रुमाल लावून बोलत होता. बूट पायातच होते. कुंडी त्याच्या गुडघ्याला लागत होती. त्याने बोलता बोलता एक नवं पान बोटांत धरलं, वाकवून पाहिलं आणि म्हणाला, "दादा, मनीप्लान्ट मस्त आलाय. आमच्याकडे टिकतच नाही."

ताई, तो आबांच्या मळ्यात वाढला. आपण सगळे ओटीवर बसून पानांच्या जुड्या लावायचो तेव्हा तो डोळे मिटून नुसत्या बोटांनी कळीचं, सगळ्यांत चांगलं, पान वेगळं काढायचा आणि आबा पाहुण्यांना ते करून दाखवायला लावायचे.

मी म्हटलं, "हो. याला फार पाणी लागत नाही."

त्या क्षणी मला फार बरं वाटलं. तुझ्या मळ्याचं, तुझ्या सहीचं, त्या बुटांचं सगळं मी त्याच्याकडून वसूल करतो आहे, त्याला मात्र ते कळतही नाही, असं वाटलं. चहा होईपर्यंत ते टिकलं. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, देवीच्या विड्याचं काय केलंस?

"ते सगळं लॉनवाल्यांकडे दिलंय, दादा. देवीपुढचं सामान त्यांच्या पॅकेजमध्येच येतं. आणि हळदीला पानवाला सांगितलाय, तो पान पेटवून तोंडात देतो. पोरं खूश."

"आणि ताईकडे कधी जातोस?"

"तूच सांग ना तिला. माझं शिरगावला जाणं होत नाहीये. तशीही ती यायची नाही." मग त्याने कप खाली ठेवला. "अजून रागावलीय का ती? पण नक्की कशावरून?"

मी परीक्षेत कॉपी करणाऱ्यांचे चेहरे जन्मभर पाहिले आहेत. माणूस लपवत असला की मला दिसतं. त्याच्या तोंडावर लपवलेलं काही नव्हतं. तो खरंच विचारत होता. तेव्हा मी सांगायला हवं होतं. सांगायला तोंड उघडलंही. पण तुझं वाक्य माझ्या तोंडून जायला नको, ते तुझं आहे, असं वाटलं आणि मी त्याला आणखी चहा विचारला. तो नको म्हणाला. उठून दारापर्यंत गेला. मी वाट पाहिली, दारातून काही विचारेल म्हणून. त्याने गाडी वळवायला पुढे जागा आहे का, ते विचारलं.

तू राग सोड असं मी म्हणत नाही. मी स्वतः सोडलेला नाही. लग्नाला मी जाणार नाही, चंद्रकांताही नाही. तुझं वाक्य चांगलं आहे, त्यात बदल सुचवला ते चुकलं. वेलही चांगली आहे. आजच्या घटकेला तिला तू म्हणशील तेवढी पानं आहेत.

पण मंगळवारी कुंडी आली की तू ती खुर्चीशेजारी ठेवशील. कप धुऊन पालथे घालशील. रोज दुपारी ओट्यावर येऊन बसशील आणि रस्त्याकडे बघशील. तो येणार नाही, ताई. मला त्याचीच भीती वाटते.

तुझा
आत्माराम